गोष्टीनंही आपले कागद दाखवावेत

खानदेशात कथा-कादंबरीवर कुठेही चर्चा रंगली, की एक आक्षेप हमखास येतो. लेखकानं गोष्ट सांगता सांगता मध्येच थांबून ‘मी हे का सांगतोय, कसं रचतोय आणि तुम्ही माझ्यावर विश्वास का ठेवताय’ असं विचारायला सुरुवात केली, की समजायचं, गडी पुस्तकं वाचून बिघडला. मेटाफिक्शन काय नि उत्तर-आधुनिकता काय, सगळी भरल्या पोटाची थेरं. इथे कापसाला भाव नाही, केळीवर करपा पडलाय, शिकलेली पोरं बिनलग्नाची हिंडतायत. अशा मुलखातल्या लेखकानं सरळ गोष्ट सांगावी, आरशात आपलंच तोंड न्याहाळत बसू नये. मग कुणीतरी ‘आधी पोटोबा, मग विठोबा’ ही म्हण जोडतो, टाळ्या पडतात आणि चहा येतो.

टाळ्या पडल्या म्हणून मुद्दा सिद्ध होत नाही. या आक्षेपाच्या गाठोड्यात तीन वेगवेगळे आरोप बांधलेले आहेत. एक, ही रीत परकी आहे. दोन, ही चैन आहे. तीन, हिच्यामुळे माणसांच्या खऱ्या दुःखाचा खेळ होतो. पहिला आरोप साफ चूक आहे, दुसरा अर्ध्या माहितीवर उभा आहे. तिसरा मात्र वजनदार आहे आणि त्याला तसंच उत्तर द्यायला हवं. याशिवाय एक चौथी मंडळी आहे. ‘परकं कसलं, हे सगळं आपल्याकडे महाभारतापासून होतंच की’ असं म्हणत ती आमच्या मदतीला धावून येते. तिचाही समाचार घेणं भाग आहे, कारण ती आमची बाजू घेते आणि खटला हरवते.

परकेपणापासून सुरुवात करू. भालचंद्र नेमाडे यावल तालुक्यातल्या सांगवीचे. ‘कोसला’ प्रसिद्ध झाली १९६३ साली, लेखकाच्या पंचविशीत. निवेदकाचं नाव पांडुरंग सांगवीकर, वयही पंचविशीचं. लेखकाचं गाव निवेदकाच्या आडनावात घातलंय, म्हणजे पहिल्या ओळीपासून वाचकाला पेच टाकलाय: हा लेखक की हे पात्र? आणि हा पांडुरंग कसा बोलतो, हे मराठी वाचकाला सांगायला नको. त्याचं ‘उदाहरणार्थ’ आणि ‘वगैरे’ महाराष्ट्रभरच्या पोरांच्या तोंडी बसलं. पण ती नुसती लकब नव्हती. आपण सांगतोय ते एक उदाहरण आहे, पुष्कळ काही सुटलंय, सगळं सांगणं आपल्याला जमणारं नाही, अशी कबुली तो वाक्यावाक्याला देतो. पुढे एका भागात तो सलग सांगणं सोडून रोजनिशीवर येतो. आणखी एके ठिकाणी तो आणि त्याचा मित्र आपल्याच काळाकडे असं बघू लागतात, की जणू शेकडो वर्षं उलटून गेलीत, हे सगळं जमिनीत गाडलं गेलंय आणि कुणी विद्वान संशोधक ते उकरून काढून त्यावर गंभीर चेहऱ्यानं अनुमानं बांधतोय. रोजच्या वापरातल्या वस्तू, साध्यासुध्या सवयी या काल्पनिक संशोधनात भलत्याच अर्थानं उभ्या राहतात. वाचताना हसू फुटतं आणि हसता हसता शंका येते, की आपल्या हाती आलेला इतिहास तरी याहून वेगळ्या रीतीनं रचला असेल का.

आता तारखा बघा. अमेरिकन कादंबरीकार जॉन बार्थ यानं कथनाच्या जुन्या रीती थकल्या, संपल्या असं सांगणारा आपला गाजलेला निबंध लिहिला १९६७ साली. मेटाफिक्शन हा शब्द समीक्षेत आला १९७० साली, विल्यम गॅसमुळे. दिग्दर्शकाला सिनेमा सुचत नाही हाच ज्याचा विषय, तो फेलिनीचा ‘एट अँड अ हाफ’ १९६३चा, म्हणजे ‘कोसला’च्याच वर्षातला. ज्या मालाला अजून नावही पडलं नव्हतं, तो सांगवीच्या पोरानं आयात कसा केला? यावर एक उत्तर तयार असतं: ‘कोसला’ म्हणजे सॅलिंजरच्या १९५१च्या ‘द कॅचर इन द राय’ची मराठी आवृत्ती. नातं आहे, ते नाकारायचं कारण नाही. शाळा-कॉलेजात न रमणारा पोरगा, बोलीतलं फटकळ निवेदन, मोठ्यांच्या ढोंगाचा तिटकारा, हे दोन्हीकडे आहे. पण आपल्या काळाचं उत्खनन करून संशोधकाच्या आवाजाची टर उडवणं सॅलिंजरकडे नाही. त्याचा नायक होल्डन जगावर चिडतो, स्वतःच्या सांगण्यावर चिडत नाही. पांडुरंग दोन्हींवर चिडतो. तेवढी उसनवारी मान्य करूनही जे उरतं, तेच ‘कोसला’चं खरं भांडवल आहे.

आणि ते भांडवल कुठून आलं असेल, हे शोधायला फार लांब जावं लागत नाही. इतिहाससंशोधक वि. का. राजवाडे धुळ्यातच १९२६ साली वारले. पुढच्याच वर्षी तिथे त्यांच्या नावानं संशोधन मंडळ उभं राहिलं आणि त्यांनी जमवलेले कागद तिथे आले. राजवाड्यांनी ‘मराठ्यांच्या इतिहासाची साधने’चा पहिला खंड १८९८ साली काढला तो पानिपतच्या काळातल्या अस्सल पत्रांचा. त्यांचा झगडा कुणाशी होता? बखरींशी. बखर गोष्ट छान सांगते, ओघवती सांगते, ऐकणारा रंगून जातो. पण ती कधी लिहिली, कुणी लिहिली, कुणासाठी लिहिली, लिहिणाऱ्याला हे कळलं कसं, या प्रश्नांवर ती गप्प बसते. राजवाड्यांनी मूळ पत्रं शेजारी ठेवली आणि बखरीचा ओघ जागोजागी तुटला. इतिहासाच्या प्रांतात या माणसाला आपण डोक्यावर घेतो. कागद दाखवल्याशिवाय बोलू नका, हा त्याचा दंडक शाळेतल्या भाषणातसुद्धा ऐकवतो. मग कादंबरीकारानं स्वतःच्याच गोष्टीला तोच दंडक लावला, ‘मला हे कुठून कळलं ते तपासून घ्या’ असं वाचकाला सांगितलं, तर ते पाश्चात्त्य थेर कसं होतं? राजवाडे आणि नेमाडे यांचे स्वभाव वेगळे, काम वेगळं, निष्कर्षही वेगळे. राजवाडे कागदांवर विश्वास ठेवून बखरीवर संशय घेतात; नेमाडे कागद वाचणाऱ्याच्या ऐटीवरही संशय घेतात. पण नेमाडे पुढे ज्या धुळ्यात काही काळ शिकवायला होते, त्याच धुळ्यात राजवाड्यांचे ते कागद आजही आहेत. सांगणाऱ्याकडे पुरावा मागायची सवय या मातीला नवी नाही, एवढं तरी त्यावरून म्हणता येतं.

दुसरा आरोप चैनीचा. साध्या वाचकाला साधी गोष्ट हवी असते, त्याला असल्या वळणांचा जाच होतो, असं सांगणारे लोक साध्या वाचकाला किती ओळखतात, याचीच मला शंका आहे. ‘श्यामची आई’पेक्षा जास्त साध्या घरांत गेलेलं मराठी पुस्तक दाखवा. साने गुरुजी अमळनेरच्या प्रताप हायस्कूलचे शिक्षक. हे पुस्तक त्यांनी १९३३ साली नाशिकच्या तुरुंगात लिहिलं, छापून आलं १९३५ साली. त्याची रचना कुणाच्या ध्यानात आहे का? प्रकरणं नाहीत, रात्री आहेत. आश्रमात श्याम रोज रात्री मित्रांना आईच्या आठवणी सांगतो, मित्र ऐकतात, मध्ये बोलतात, सांगणाऱ्याचा कंठ दाटतो. लेखक स्वतःचंच बालपण सांगतोय, पण ‘मी’ म्हणून थेट समोर येत नाही. स्वतःला श्याम हे नाव देतो, त्याला गोष्ट सांगायला बसवतो आणि ऐकणारेही पुस्तकातच आणून बसवतो. सांगणं ही घटना आहे, ती कुणासमोर घडते याला अर्थ आहे, हे त्या रचनेतच आहे. शिवाय हा श्याम स्वतःची बाजू मांडायला बसलेला नाही. आपण आईशी कुठे खोटं बोललो, कुठे हट्ट केला, कुठे तिला दुखावलं, याचीच तो जंत्री देतो. साक्षीदार स्वतःविरुद्ध साक्ष देतोय. गावोगावच्या आयांनी आणि पोरांनी हे पुस्तक वाचलं, रडले. रचना अवघड आहे म्हणून कुणी ते बाजूला ठेवल्याचं ऐकिवात नाही.

पोटोबाचा मुद्दा ज्यांना फारच प्यारा आहे, त्यांच्यासाठी मालेगाव आहे. मालेगाव आज नाशिक जिल्ह्यात मोडतं, पण १८६९ साली नाशिक जिल्हा वेगळा होईपर्यंत ते खानदेशातच होतं. धुळ्याहून आग्रा रोडनं निघालं तर जेमतेम पन्नास किलोमीटर. यंत्रमागांचं शहर, शुक्रवारी माग बंद, आणि त्या सुटीच्या दिवशी सिनेमा हीच मजुराची करमणूक. तिथे व्हिडिओ पार्लर चालवणाऱ्या नासिर शेखनं २००० साली ‘मालेगाव के शोले’ काढला, पन्नास हजार रुपयांच्या आसपास. गब्बरसिंगचा रबरसिंग झाला, बसंतीची बासमती. रामगढच्या डाकूंना घोडे लागतात, मालेगावात घोडे परवडायचे कुठून? डाकू सायकलवर आले.

ही नक्कल आहे, वात्रटपणा आहे, यात कसलं आलंय तत्त्वज्ञान, असं आक्षेपक म्हणतात. ते सायकलस्वार डाकू जरा नीट बघा. मूळ ‘शोले’ बघताना घोड्यांचं भाडं किती, दगडांच्या टेकड्यांत छावणी टाकायला पैसा कुणाचा, हे कुणाच्या मनात येत नाही. येऊ नये अशीच त्याची बांधणी आहे. सायकलची घंटी वाजली की प्रेक्षकाला एकाच वेळी दोन सिनेमे दिसतात. एक पाठ असलेला आणि दुसरा समोर चाललेला. या दोघांमधली फट म्हणजे मुंबई आणि मालेगाव यांच्यातलं अंतर. प्रेक्षक हसतो ते त्या फटीवर, आणि ती फट कशामुळे पडली हे त्याला कुणी समजावून सांगावं लागत नाही, तो स्वतः मागावर उभा राहून आलेला असतो. नासिर शेखनं बार्थ वाचला नव्हता, हे खरं. घोडा नव्हता म्हणून सायकल आली, सिद्धांत होता म्हणून नाही, हेही खरं. पण त्यानं मुद्दा पडत नाही, उलट पक्का होतो. भरल्या पोटाच्या माणसाला कलेची यंत्रणा लपवणं परवडतं. ज्याला ती लपवणंच परवडत नाही, त्याची यंत्रणा उघडी पडते. मग तो एकतर लाजतो, नाहीतर त्या उघडेपणाचीच गोष्ट करतो. मालेगावनं दुसरा रस्ता धरला.

हे सगळं फैजा अहमद खान यांनी ‘सुपरमेन ऑफ मालेगाव’ या २००८च्या माहितीपटात टिपलं. त्यात यंत्रमागावर काम करणारा किडकिडीत शफीक सुपरमॅन होतो. त्याला आडवा करून, मागे हिरवा पडदा धरून उडवतात. एकुलता एक कॅमेरा पाण्यात पडतो आणि सगळ्या चमूचे चेहरे उतरतात. माहितीपट त्या उतरलेल्या चेहऱ्यांवर रेंगाळतो. सिनेमा कशाचा बनतो हे तिथे दिसतं: उधारीचा, सुटीच्या दिवसाचा, एकमेकांवरच्या भरवशाचा. शफीक पुढे कर्करोगानं गेला. तो आता पडद्यावर उडतो तेव्हा आपण काय बघतो? सुपरमॅन बघतो, हिरवा पडदा बघतो आणि एका मजुराचं अंगही बघतो. तिन्ही एकदम दिसणं, हेच त्या चित्रपटाचं मोल आहे. यात चैन कुठे आहे, मला दाखवा.

इथे एक भेद मात्र करायला हवा, नाहीतर आमचीच बाजू ढिली पडेल. सिनेमाविषयी सिनेमा काढला की तो आपोआप स्वतःकडे पाहणारा होत नाही. रीमा कागती यांचा ‘सुपरबॉइज ऑफ मालेगाव’ २०२५च्या फेब्रुवारीत चित्रपटगृहांत आला. वरुण ग्रोव्हर यांचं लेखन आहे, नटांनी जीव ओतलाय, लोक डोळे पुसत बाहेर पडले. पण तो सिनेमा मालेगावच्या पोरांची यंत्रणा दाखवतो, आपली नाही. स्वस्तातल्या सिनेमाची गोष्ट तो महागड्या सिनेमाच्या मळलेल्या वाटेनं सांगतो: स्वप्न, यश, फाटाफूट, समेट, शेवटचा खेळ. मुंबईचा पैसा मालेगावची गोष्ट सांगायला येतो तेव्हा ती कुणाची होते, हा प्रश्न त्याच्या कथानकातच दडलेला होता. तो विचारायचं धाडस सिनेमानं केलं नाही. विषय आरशाचा होता, आरसा मात्र दुसऱ्याकडेच वळवलेला राहिला.

आता तिसरा आरोप, खरा जड. लेखक ‘हे मी रचलंय’ म्हणाला की वाचक सैलावतो. मग शेतकऱ्याची आत्महत्या काय नि पोरीचा मृत्यू काय, सगळं ‘रचलेलं’. छळ झालेला माणूस ‘हे घडलं’ म्हणून टाहो फोडतो आणि लेखक ‘घडलं म्हणजे नेमकं काय’ असा काथ्याकूट करतो. ही भीती खोटी नाही. आजूबाजूला बघितलं तर ती वाढतेच. जाहिरात स्वतःच म्हणते, ‘मी जाहिरात आहे, फसू नका,’ आणि माल विकून मोकळी होते. नट सिनेमात स्वतःचीच खिल्ली उडवतो, तेवढ्यानं त्याचे सगळे गुन्हे माफ होतात. पुढारी व्यासपीठावरून ‘आता मी तुम्हाला आश्वासन देतो, तुम्ही टाळ्या वाजवा’ असं हसत म्हणतो, लोक हसतात, टाळ्याही वाजवतात आणि आश्वासनाचा हिशोब कुणी मागत नाही. आपणच आपलं बिंग फोडलं की दुसऱ्याला फोडायला काही उरत नाही. हा धूर्तपणा आहे आणि मराठीतल्या काही कथा-कादंबऱ्यांतही तो शिरलाय. लेखक दर चार पानांनी वाचकाला कोपरखळी मारतो, ‘बघ, मी किती हुशार’ एवढंच त्यातून कळतं. अशा पुस्तकांवर आक्षेपकांनी जरूर तुटून पडावं, मी त्यांच्याबरोबर आहे.

पण खोटी नाणी चालतात म्हणून टांकसाळ बंद करत नाहीत. खरं-खोटं ओळखायची कसोटी एकच आहे: सांगणाऱ्यानं स्वतःकडे बोट दाखवल्यावर त्याला काही किंमत मोजावी लागते का? जाहिरातीला लागत नाही, पुढाऱ्याला लागत नाही. पांडुरंगला लागते. सगळ्या जगाची टिंगल करणारा हा पोरगा धाकट्या बहिणीच्या, मनीच्या मृत्यूपाशी येतो. देवीच्या साथीत ती जाते. तोपर्यंतची त्याची हजरजबाबी तऱ्हा तिथे निकामी होते. आधीची इतकी पानं जर तो बेधडक, सर्वज्ञ आवाजात बोलला असता, तर मनीचा मृत्यू आणखी एक करुण प्रसंग होऊन गेला असता. सांगणं अपुरं असतं हे तो आधीपासून सांगत आलाय, म्हणून तिथलं अपुरेपण वाचकाच्या अंगावर येतं. आपल्या सांगण्यावर शंका घेतल्यानं दुःख पातळ झालं नाही. शब्दांनी दुःखाला वेसण घालता येते, ही लेखकाची घमेंड तेवढी गेली.

पडद्यावरचं उदाहरण हवं असेल तर ‘भूमिका’ घ्या. स्मिता पाटील शिरपूरच्या शिवाजीराव पाटलांची मुलगी. धुळे जिल्ह्याला तिचा अभिमान आहे, तिच्या नावानं कार्यक्रम होतात. पण तिच्या या चित्रपटाची बांधणी काय आहे, यावर त्या कार्यक्रमांत कुणी बोलत नाही. श्याम बेनेगल यांचा हा चित्रपट १९७७चा, हंसा वाडकर यांच्या ‘सांगत्ये ऐका’ या १९७०च्या आत्मकथनावर आधारलेला. त्याआधी १९५९ साली ‘सांगत्ये ऐका’ याच नावाचा तमाशापट गाजला होता आणि त्यात हंसाबाईंनी काम केलं होतं. एका बाईला आपलं खरं आयुष्य सांगायचंय आणि त्यासाठी नाव घ्यावं लागतं ते पडद्यावरच्या खोट्या आयुष्याचं! ‘भूमिका’ सुरू होतो लावणीनं. आपण त्या नाचात रमतो आणि मग कळतं, की हे चित्रीकरण चाललंय. पुढेही उषाच्या, म्हणजे स्मितानं उभ्या केलेल्या नटीच्या, आयुष्यात तिच्या चित्रपटांचे तुकडे येत राहतात. पडद्यावर पतिव्रता, घरी नवऱ्याची मिळकत. बेनेगलांनी सिनेमाची यंत्रणा लपवून उषाची करुण कहाणी सरळ सांगितली असती, तर आपण रुमाल ओला करून घरी गेलो असतो. यंत्रणा दाखवल्यामुळे एक प्रश्न टाळता येत नाही: या बाईची प्रतिमा कोण घडवतंय, तिच्यावर कमावतंय कोण, आणि तिकीट काढून बसलेले आपण त्यात कुठे आहोत? दुःखाचा खेळ होतो म्हणतात तो इथे झाला का? खेळातलं दुःख दिसलं.

राहिली चौथी मंडळी. त्यांचं म्हणणं असं, की व्यास स्वतः महाभारतात पात्र म्हणून येतात, सूत कथेत कथा सांगतात. आपल्या तमाशात बतावणी आहे, सोंगाड्या राजाच्या दरबारातून थेट यात्रेतल्या लोकांशी बोलतो, मावशी गवळणीत आजच्या महागाईवर टोमणा मारते. मग पश्चिमेनं नवं काय केलं? ब्रेख्तनंसुद्धा १९३५ साली मॉस्कोत चिनी नट मेइ लानफांगचं काम बघून आपला विचार पुढे नेला, तोही पूर्वेचाच ऋणी.

ब्रेख्तचं खरं आहे आणि ते सांगायलाच हवं. पण बाकीच्या दाव्यात एक मोठी गफलत आहे. जुन्या कथांमधली ‘यानं त्याला सांगितलं, त्यानं मला सांगितलं’ ही साखळी कशासाठी असते? भरवसा देण्यासाठी. व्यासांनी रचलं, वैशंपायनांनी जनमेजयाला ऐकवलं, सूतानं नैमिषारण्यात सांगितलं, म्हणजे ऐकणाऱ्यानं शंका घेऊ नये. हा सही-शिक्का आहे. आपण ज्या कथनाबद्दल बोलतोय, त्यात तीच साखळी उलट्या कामाला लावलेली असते: सांगणारा कोण, त्याचा स्वार्थ काय, त्याला हे कसं कळलं? ही उलटतपासणी आहे. तमाशाचंही तसंच. सोंगाड्या राजाची रेवडी उडवतो, प्रेक्षकांना डोळा मारतो, पण वग संपतो तेव्हा राजा राजाच असतो आणि गोष्ट जिथे पोचायची तिथेच पोचते. त्यानं भ्रम मोडला, गोष्टीचा अधिकार मोडला नाही. ही तमाशाची उणीव नव्हे, त्याचं काम वेगळं आहे. पण दोन्हींना एकाच दावणीला बांधलं की तमाशाही कळत नाही आणि ‘कोसला’ही. ‘आमच्याकडे होतंच’ म्हटलं की वाचायची, बघायची, विचार करायची जबाबदारी संपते. परकं म्हणून नाकारणारा आणि आपलंच म्हणून कवटाळणारा, दोघंही पुस्तक न उघडता निकाल देतात.

सरळ गोष्टीचा एवढा आग्रह धरणाऱ्यांना आता मी एक प्रश्न विचारतो. ही ‘सरळ’ गोष्ट खरंच सरळ असते का? गावावरची बेतीव कादंबरी घ्या. सर्वज्ञ निवेदक शेतकऱ्याच्या बायकोच्या मनात शिरतो, सालदाराच्या झोपडीत शिरतो, आदिवासी पोरीच्या स्वप्नातसुद्धा शिरतो. दार वाजवत नाही, कुणाला विचारत नाही. तो कोण? बहुतेक वेळा शहरात नोकरीला लागलेला, जमीन भावाकडे कसायला दिलेला, सुटीत गावी येणारा पुरुष. यात वाईट काही नाही, अशा माणसानंही लिहावं. पण तो आपला पत्ता लपवतो आणि माती स्वतः बोलते असा आव आणतो. मग त्याचं शब्दचित्र अस्सल ठरतं आणि ज्यानं ‘मी सुटीत येणारा माणूस आहे, मला सालदाराच्या मनातलं ठाऊक नाही’ असं पानावर लिहिलं, तो मात्र भंपक ठरतो. हा कुठला न्याय?

हीच पारदर्शकता पुस्तकाच्या प्रस्तावनेत आली की आपल्याला गोड वाटते. बहिणाबाई चौधरी आसोद्याच्या लेकी, निरक्षर. त्यांची गाणी मुलानं, सोपानदेवांनी, आणि घरच्यांनी लिहून ठेवली. त्या वारल्या १९५१ साली आणि गाणी पुस्तकरूपानं आली १९५२ साली, अत्र्यांच्या पुढाकारानं. ती वही अत्र्यांपुढे कशी आली, हा किस्सा जळगावात लहान पोरालाही ठाऊक असतो. म्हणजे ओठांवरच्या ओव्या कागदावर कशा आल्या, मध्ये कुणाचे हात होते, हे कळल्यानं बहिणाबाई कमी झाल्या नाहीत. उलट त्या गाण्यांवर आपला विश्वास बसला तो त्या माहितीमुळेच. प्रस्तावनेत चालतं ते गोष्टीच्या आत आलं की नखरा का ठरावं?

आणि कोण कुणाच्या वतीनं बोलतो, हा वाद खानदेशाला अपरिचितही नाही. २०२४च्या फेब्रुवारीत अमळनेरला ९७वं अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलन भरलं. त्याच दिवसांत, त्याच गावात विद्रोही साहित्य संमेलनही भरलं. एका गावात दोन मांडव पडले ते जेवणावळीच्या भांडणातून नव्हेत. मराठी साहित्याच्या नावानं बोलायचा अधिकार कुणाचा, यावरून पडले. मांडवाबाहेर हा प्रश्न आपण इतक्या तावातावानं विचारतो आणि पुस्तकाच्या आत एखाद्या निवेदकानं तोच स्वतःला विचारला की कपाळाला आठ्या पाडतो.

हा मुलूख वाचणारा आहे. धुळ्यातून पुरुषोत्तम पाटलांनी १९८५ साली ‘कविता-रती’ हे कवितेचं नियतकालिक सुरू केलं आणि मराठीतल्या चांगल्या कवींना या गावाचा पत्ता पाठ झाला. तेव्हा ‘आमच्या वाचकाला हे झेपत नाही’ ही सबब इथे तरी कुणी पुढे करू नये. वाचकाला झेपतं. जड जातं ते लेखकाला, कारण कागद पुढे ठेवायचे म्हटलं की त्यातले कोरे कागदही दिसतात.

म्हणून परीक्षकांना, समीक्षकांना आणि अभ्यासक्रम ठरवणाऱ्यांना माझं एवढंच सांगणं आहे: हातात आलेली कादंबरी किंवा चित्रपट सरळ आहे की वाकडा, देशी आहे की परदेशी, ही पाटी आधी खाली ठेवा. सांगणारा कोण आहे, तो कुणाच्या वतीनं बोलतोय, त्याला हे कळलं कसं आणि हे सांगून त्यानं काय पणाला लावलं, हे विचारा. सरळ गोष्टीलाही विचारा, तिच्याच बाबतीत जास्त कडकपणे विचारा, कारण आजवर तिला कुणी विचारलेलं नाही. या चार प्रश्नांवर जी टिकेल ती गोष्ट खानदेशाची. मग ती सायकलवरून आलेली का असेना.